नरसिंह राव, मनमोहन सिंगांनंतर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पी. व्ही. नरसिंह राव १९९१ ते १९९६ पंतप्रधान होते. त्यांचे अर्थमंत्री डॉ. मनमोहन सिंग पुढे २००४ ते २०१४ पंतप्रधान झाले. या दोघांचा विषय निघाला की तेच ते प्रश्न येतात, कट्ट्यावर येतात तसेच कौटुंबिक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही. दर वेळी नव्याने उत्तरं टाइप करण्यापेक्षा एकदा इथे लिहून ठेवतो. मी राव यांचा भक्त नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. तसा समज झाला असेल तर बाबरीचा प्रश्न आधी वाचा, मग वर या.

राव यांच्याबद्दल बोलायचं तर मनमोहन सिंगांना मध्ये कशाला आणायचं?

कारण मनमोहन सिंग पंतप्रधान होईपर्यंत राव आपल्याला नीट दिसलेच नव्हते. १९९६ मध्ये सत्ता गेली तेव्हा लोकांच्या मनात ठरलेलं चित्र असं होतं: आर्थिक सुधारणा केल्या त्या मनमोहन सिंगांनी, राव म्हणजे ओठांचा चंबू करून बसलेले, बाबरी पडू देणारे, खटल्यांत अडकलेले गृहस्थ. नंतर तेच मनमोहन सिंग स्वतः सर्वोच्च खुर्चीवर बसले. तीच बुद्धी, तीच सचोटी, दहा वर्षांचा अवधी. पण १९९१ सारखी धडाडी काही दिसेना. तेव्हा कुठे लोकांनी विचारायला सुरुवात केली की १९९१ मध्ये या माणसाच्या पाठीशी नेमकं कोण उभं होतं?

१९९१ ची परिस्थिती खरंच एवढी वाईट होती?

होती. परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीला पुरेल इतकी उरली होती. आखाती युद्धामुळे तेलाचं बिल फुगलं होतं, अनिवासी भारतीय आपल्या ठेवी काढून घेत होते, महागाई ऑगस्टपर्यंत १७ टक्क्यांजवळ गेली. चंद्रशेखर सरकारच्या काळातच, मे महिन्यात, २० टन सोनं परदेशात विकायला गेलं होतं. राव आल्यावर जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने आणखी जवळपास ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे ठेवलं आणि त्यावर सुमारे ४० कोटी डॉलर उचलले.

हे सोनं मुंबईतून विमानाने गेलं. फोर्टातून सहारला निघालेल्या गाड्यांपैकी एका गाडीचा टायर वाटेत फुटला आणि बंदोबस्तावरच्या लोकांची पाचावर धारण बसली, असा किस्सा सांगितला जातो. मला त्या आकड्यांपेक्षा हा टायर जास्त लक्षात राहतो. घरातलं सोनं सराफाकडे गेलं की चाळीत आवाज खाली जातात, दोन दिवस कुणी कुणाच्या नजरेला नजर देत नाही. देशाचं तसंच झालं होतं.

ज्यांचा जन्म १९९१ नंतरचा आहे त्यांना 'नंबर लागणे' हा शब्दप्रयोग समजावून सांगावा लागतो. फोनसाठी नंबर लावायचा, गॅससाठी नंबर लावायचा, स्कूटरसाठी नंबर लावायचा. आमच्याकडे स्कूटरच्या बुकिंगची पावती देवघरातल्या पंचांगात ठेवलेली असे. दरवर्षी जुनं पंचांग काढून नवं ठेवलं की पावतीचीही जागा बदलायची. स्कूटर आली तेव्हा वडिलांना चष्मा लागला होता.

पण सुधारणा केल्या त्या मनमोहन सिंगांनीच ना?

अर्थसंकल्प त्यांचा, भाषण त्यांचं, युक्तिवाद त्यांचे. २४ जुलै १९९१ च्या त्या भाषणात त्यांनी व्हिक्टर ह्यूगोचा हवाला देऊन सांगितलं की ज्या विचाराची वेळ आली आहे त्याला जगातली कोणतीही ताकद रोखू शकत नाही. ते वाक्य सगळ्यांना पाठ आहे. त्याच दिवशी, अर्थसंकल्पाच्या आधी काही तास, लोकसभेच्या पटलावर आणखी एक कागद ठेवला गेला: नवं औद्योगिक धोरण. १८ उद्योग वगळता बाकी सगळ्यांचं लायसन्स त्या कागदाने संपवलं. लायसन्स-परमिट राज मोडलं ते खरं तर तिथे. उद्योग खातं राव यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. पण कागद मांडायला उठले ते राज्यमंत्री पी. जे. कुरियन. राव उठले नाहीत, भाषण केलं नाही. दुसऱ्या दिवशी लोकांच्या तोंडी अर्थसंकल्प होता.

हा निव्वळ संकोच नव्हता. १९७१ ते ७३ या काळात आंध्रचे मुख्यमंत्री असताना राव यांनी कमाल जमीनधारणेचा कायदा रेटला होता. जमीनदार आमदार खवळले, त्यातच मुलकी नियमांवरून (तेलंगणातल्या स्थानिकांना नोकऱ्यांत प्राधान्य देणारे नियम) आंदोलन पेटलं, आणि राव यांना जावं लागलं. सुधारणा वाजतगाजत आणली की ज्यांच्या पोटावर पाय येतो ते आधी जागे होतात, हे त्या माणसाला चटका बसून कळलं होतं. त्यामुळे १९९१ च्या औद्योगिक धोरणाची सुरुवात चक्क नेहरूंच्या गौरवाने होते. नेहरूंच्या काळात उभी राहिलेली परवाना पद्धत मोडायची, आणि तीही त्यांच्याच तसबिरीला हार घालून.

मात्र राव यांच्या धैर्याचं फार कौतुकही नको. १ जुलैला रुपयाचं पहिलं अवमूल्यन झालं, दुसरं ३ जुलैला व्हायचं होतं. मधल्या वेळात राव कचरले आणि दुसरं थांबवायला सांगितलं. मनमोहन सिंगांनी रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांना फोन लावला. तोवर घोषणा होऊन गेली होती. फोन थोडा लवकर लागला असता तर काय, हा प्रश्न मला अधूनमधून पडतो.

मग राव यांचं श्रेय नेमकं कशाचं?

छत्री धरण्याचं. खताच्या किमती ४० टक्क्यांनी वाढवल्यावर काँग्रेसचेच खासदार अर्थमंत्र्यांवर तुटून पडले. राव यांनी सगळी वाढ मागे घेतली नाही. ती ३० टक्क्यांवर आणली, छोट्या शेतकऱ्यांना सूट दिली आणि पक्षाला तोंड लपवायला जागा दिली. १९९३ च्या अखेरीस रोखे घोटाळ्यावरच्या संयुक्त संसदीय समितीचा अहवाल आल्यावर मनमोहन सिंगांनी राजीनामा देऊ केला. राव यांनी तो घेतला नाही.

आणि निवड. पहिली विचारणा झाली होती रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर आय. जी. पटेल यांच्याकडे. त्यांनी नकार दिल्यावर मनमोहन सिंगांचं नाव आलं; ते तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. निरोप घेऊन गेले पी. सी. अलेक्झांडर, जे पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. राव यांनी नव्या अर्थमंत्र्यांना गमतीने सांगितलं म्हणतात की यश आलं तर श्रेय दोघांचं, अपयश आलं तर तुम्ही जायचं. प्रत्यक्षात उलटंच झालं. यशाचं श्रेय एकट्या मनमोहन सिंगांना मिळालं आणि जायची वेळ राव यांच्यावर आली.

राव यांना अर्थशास्त्र कळायचं?

फारसं नाही. कोणाला कळतं हे कळायचं.

ते अपघाताने पंतप्रधान झाले हे खरं का?

बरंचसं. १९९१ ची निवडणूक त्यांनी लढवलीच नव्हती. प्रकृती बरी नव्हती, पुस्तकं बांधून हैदराबादला परतायची तयारी चालली होती. २१ मे रोजी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली आणि सगळे फासे पुन्हा पडले. शर्यतीत शरद पवार होते, अर्जुन सिंग होते. महाराष्ट्रात त्या जूनमध्ये किती जणांनी पेढ्यांची ऑर्डर देऊन ठेवली होती, ते आठवणाऱ्यांना विचारा. पक्षाने सत्तरीतला, गट नसलेला, आज ना उद्या निवृत्त होणारा माणूस निवडला, कारण तो कुणाच्याच आड येणार नाही असं प्रत्येकाला वाटलं.

त्या माणसाने पाच वर्षं पूर्ण केली. नेहरू-गांधी घराण्याबाहेरचा पूर्ण मुदत काढणारा पहिला पंतप्रधान तो, आणि सरकार सुरुवातीला अल्पमतातलं.

राव यांना बिनगटाचा माणूस समजणं किती महाग पडू शकतं हे पवारांना एप्रिल १९९२ मध्ये तिरुपतीच्या अधिवेशनात कळलं. कार्यकारिणीच्या निवडणुकीत पवार आणि अर्जुन सिंग दणक्यात निवडून आले. राव यांनी म्हटलं, निवडून आलेल्यांत दलित नाहीत, स्त्रिया नाहीत, हे बरं दिसत नाही. सगळ्यांचे राजीनामे घेतले. मग पवार आणि अर्जुन सिंग या दोघांना नामनियुक्त सदस्य म्हणून परत घेतलं. मतांवर आलेले होते, मर्जीवरचे झाले. आवाज वाढवला नाही, कुणाला काढलंही नाही.

दोघांनाही 'मौनी' म्हटलं जायचं. मग फरक काय?

राव बोलत नसत कारण त्यांचं आधीच ठरलेलं असे, किंवा ठरवायचं नाही असं ठरलेलं असे. निर्णय न घेणं हाही निर्णयच असतो, हे मत त्यांच्या नावावर चिकटलंय ते उगाच नाही. मनमोहन सिंग बोलत नसत तेव्हा बऱ्याचदा निर्णय दुसरीकडे झालेला असे.

२०१३ च्या सप्टेंबरमधलं उदाहरण घ्या. दोषी लोकप्रतिनिधींना दिलासा देणारा अध्यादेश मंत्रिमंडळाने मंजूर केलेला, पंतप्रधान अमेरिकेत, आणि दिल्लीत राहुल गांधी पत्रकारांसमोर म्हणतात की हा निव्वळ मूर्खपणा आहे, फाडून फेकून द्यायला हवा. अध्यादेश वाईट होता, तो मागे घेतला हे बरंच झालं. पण क्षणभर तिथे राव यांना ठेवून बघा. त्यांच्या मंत्रिमंडळाचा कागद पक्षातल्या कुणी चारचौघांत फाडला असता तर त्या माणसाचं पुढे काय झालं असतं? काहीच झालं नसतं, निदान लगेच तरी. सहा महिन्यांनी तो एखाद्या राज्याच्या प्रभारीपदावर सापडला असता.

ही तुलना मनमोहन सिंगांवर अन्याय करणारी नाही का?

काही अंशी आहे. राव काँग्रेसचे अध्यक्षही होते. पक्ष आणि सरकार दोन्ही एकाच हातात. मनमोहन सिंगांच्या वेळी पक्षाध्यक्ष सोनिया गांधी, शिवाय आघाडी, शिवाय पहिली चार वर्षं डाव्यांचा टेकू. राव निवडणुकीच्या राजकारणात मुरलेले. १९५७ पासून मंथनीचे आमदार, आणि पंतप्रधान झाल्यावर नंद्यालच्या पोटनिवडणुकीत पाच लाखांहून जास्त मतांनी जिंकले. मनमोहन सिंगांनी लोकसभा एकदाच लढवली, १९९९ मध्ये दक्षिण दिल्लीतून, आणि हरले. लोकांच्या मतावर स्वतः निवडून न आलेल्या पंतप्रधानाला पक्षात कोण किती जुमानणार?

तरी एक दिवस असा आहे की जिथे मनमोहन सिंग राव यांच्यापेक्षा उंच दिसतात: २२ जुलै २००८. अमेरिकेबरोबरच्या अणुकराराखातर त्यांनी सरकार पणाला लावलं. डाव्यांनी पाठिंबा काढला, विश्वासदर्शक ठराव त्यांनी २७५ विरुद्ध २५६ मतांनी जिंकला. लोकसभेत नोटांची बंडलं फडकवली गेली, त्या दिवसावरही डाग आहेच. पण एका धोरणासाठी खुर्ची उघडपणे डावावर लावणं हे राव यांनी कधीच केलं नाही. त्यांचा पिंडच तो नव्हता. माहितीचा अधिकार आणि रोजगार हमीचा राष्ट्रीय कायदा हे दोन्ही २००५ चे, हेही विसरू नये. रोजगार हमी आपल्याकडे महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून सत्तरच्या दशकातच आली होती. ती देशभर जायला तीस वर्षं लागली.

राव यांनी सरकार टिकवलं ते पैसे देऊन, हे खरं ना?

२८ जुलै १९९३ चा अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ मतांनी पडला. झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांनी विरोधात मत देण्यासाठी पैसे घेतल्याचा आरोप झाला. २००० मध्ये विशेष न्यायालयाने राव यांना दोषी ठरवलं, २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. बाकीच्या खटल्यांतूनही ते सुटले. लखुभाई पाठक फसवणूक प्रकरणाचा निकाल २००३ च्या अखेरीस आला, मृत्यूच्या एक वर्ष आधी.

कायद्याने ते निर्दोष आहेत, तेवढं म्हणून थांबता आलं असतं. पण या प्रकरणाला शेपूट आहे. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्या खासदारावर त्या मतापायी खटला चालवता येत नाही. पंचवीसेक वर्षं हा निकाल देशाचा कायदा होता, आणि तो ओळखला जायचा राव यांच्या नावाने. मार्च २०२४ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो फिरवला. म्हणजे त्यांचं नाव भारतरत्नांच्या यादीत आलं त्याच सुमारास त्यांच्या नावाचा निकाल इतिहासजमा झाला.

बाबरी मशीद राव यांनी पडू दिली?

इथे जरा थांबावं लागेल. दोन बाजू आहेत आणि दोन्ही महाराष्ट्राला जवळच्या आहेत, कारण १९९२ मध्ये गृहमंत्री होते नांदेडचे शंकरराव चव्हाण, संरक्षणमंत्री शरद पवार आणि गृहसचिव महाराष्ट्र केडरचे माधव गोडबोले.

राव यांची बाजू अशी. कायदा-सुव्यवस्था राज्याची. उत्तर प्रदेशातल्या कल्याण सिंह सरकारने सर्वोच्च न्यायालयात आणि राष्ट्रीय एकात्मता परिषदेत वास्तूच्या संरक्षणाची हमी दिली होती. राज्यपाल सत्यनारायण रेड्डी यांनी डिसेंबरच्या पहिल्याच दिवशी केंद्राला कळवलं होतं की सरकार बरखास्त करू नका. निवडून आलेलं सरकार केवळ शंकेपोटी घालवलं असतं तर न्यायालयाने कान उपटले असते. लिबरहान आयोगाने सतरा वर्षं लावून २००९ मध्ये अहवाल दिला, त्यातही केंद्राला फारसं धारेवर धरलं नाही.

दुसरी बाजू. गोडबोले यांच्या खात्याने नोव्हेंबरमध्येच आपत्कालीन योजना तयार करून दिली होती: कारसेवक जमायच्या आत राष्ट्रपती राजवट, मग केंद्रीय दलांनी वास्तूचा ताबा घ्यायचा. ती योजना फाइलीतच राहिली. केंद्रीय निमलष्करी दलं फैजाबादला, हाकेच्या अंतरावर, येऊन बसली होती. ६ डिसेंबरला दुपारपासून एकेक घुमट पडत गेला आणि संध्याकाळपर्यंत काही उरलं नाही. पंतप्रधानांनी त्या तासांत काय केलं याचं समाधानकारक उत्तर त्यांच्या चाहत्यांकडूनही मला आजवर मिळालेलं नाही. गोडबोले यांनी मार्च १९९३ मध्ये मुदतीआधीच सेवा सोडली.

माझं मत: कट वगैरे नव्हता. राव यांनी साधू-महंतांशी, संघ-भाजपच्या नेत्यांशी पडद्यामागे बोलणी चालवली होती आणि नेहमीसारखं वेळ काढून प्रश्न विरघळेल असा हिशेब केला होता. तिरुपतीत चाललेली खेळी अयोध्येत चालली नाही. पक्षातल्या माणसाला थकवता येतं, जमावाला नाही.

त्याची किंमत मुंबईने मोजली. डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगलींत सुमारे ९०० माणसं मेली, १२ मार्चच्या बॉम्बस्फोटांत २५७. सुधाकरराव नाईक गेले, पवार मुख्यमंत्री म्हणून परत आले. मनमोहन सिंग काय, दुसरे कोणीही काय, नंतरच्या कुठल्याही पंतप्रधानाशेजारी उभं केलं तरी राव यांचा हा हिशेब कमी होत नाही. राव यांचं 'पुनर्मूल्यांकन' करणारे बरेच लेख हा विषय एका परिच्छेदात उरकून पुन्हा सोन्याच्या गोष्टीकडे वळतात. तेवढ्यावरून लेखकाचा कल ओळखावा.

१९९१ चा प्रार्थनास्थळांचा कायदाही त्यांचाच ना?

हो. १५ ऑगस्ट १९४७ ला जे प्रार्थनास्थळ जसं होतं तसंच राहील असा तो कायदा. अयोध्या त्यातून वगळलेली. तेव्हा वर्तमानपत्रांत त्याला आर्थिक बातम्यांइतकी जागा नव्हती. आज ज्ञानवापी आणि मथुरेच्या खटल्यांत सगळे त्याच कायद्याची कलमं काढून बसलेत.

१९८४ च्या दंगलीत ते गृहमंत्री होते. त्याचं काय?

होते. इंदिराजींच्या हत्येनंतर दिल्लीत सरकारी आकड्यांनुसारच अडीच हजारांहून जास्त शीख मारले गेले आणि दिल्ली पोलीस गृहमंत्र्यांच्या हाताखाली होते. सूत्रं पंतप्रधान कार्यालयाने आपल्याकडे घेतली होती, असा बचाव केला जातो. मग गृहमंत्र्याने राजीनामा द्यायला हवा होता, एवढंच मी म्हणेन.

या प्रश्नावर सगळ्यात जड शब्द मनमोहन सिंगांचेच आहेत. पंतप्रधान म्हणून २००५ मध्ये त्यांनी संसदेत माफी मागितली. आणि डिसेंबर २०१९ मध्ये, इंद्रकुमार गुजराल यांच्या जन्मशताब्दीच्या कार्यक्रमात, ते म्हणाले की त्या संध्याकाळी गुजराल राव यांच्याकडे गेले होते, लष्कर लवकर बोलवा असं सांगितलं होतं; ते ऐकलं असतं तर कदाचित तो संहार टळला असता. आपल्याला राजकारणात आणणाऱ्या माणसाबद्दल, वयाच्या ८७ व्या वर्षी, जाहीर सभेत. त्यांना मौनी म्हणणाऱ्यांनी हे ऐकायला हवं होतं.

अणुचाचणीचं श्रेय वाजपेयींचं की राव यांचं?

चाचणी वाजपेयींनी केली, ११ आणि १३ मे १९९८. तयारी राव यांच्या काळात पूर्ण होत आली होती. डिसेंबर १९९५ मध्ये पोखरणमधली हालचाल अमेरिकी उपग्रहांना दिसली, राजदूत फ्रँक विस्नर छायाचित्रं घेऊन पंतप्रधान कार्यालयात आले, आणि राव थांबले. राव गेल्यावर वाजपेयींनी मोकळेपणाने सांगितलं की १९९६ मध्ये सत्ता हाती येताना राव यांनीच त्यांना बॉम्ब तयार असल्याचं कळवलं होतं. दोघांचं चांगलं जमायचं. १९९४ मध्ये जिनिव्हाला काश्मीरवरून पाकिस्तानला उत्तर द्यायचं होतं तेव्हा राव यांनी भारताच्या शिष्टमंडळाचा नेता म्हणून विरोधी पक्षनेत्यालाच, वाजपेयींनाच पाठवलं. आजच्या दिल्लीत हे कुणाला खरं वाटायचं नाही.

परराष्ट्र धोरण?

सोव्हिएत युनियन कोसळल्यावरची घडी त्यांनी बसवली. इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध, चीनशी १९९३ चा सीमाशांतता करार, आग्नेय आशियाकडे मोर्चा. यावर फार वाद नाही, म्हणून प्रश्नही कमी येतात.

भारतरत्न आता, २०२४ मध्येच का?

घोषणा झाली ९ फेब्रुवारी २०२४ ला, चरण सिंह आणि स्वामीनाथन यांच्यासोबत, लोकसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर. काँग्रेसने ज्यांना दूर लोटलं त्यांना जवळ करायचं ही भाजपची जुनी चाल आहे. सरदार पटेल झाले, मग राव. तेलंगणात चंद्रशेखर राव यांच्या सरकारने २०२० मध्ये नरसिंह राव यांचं जन्मशताब्दी वर्ष थाटात सुरू केलं तेव्हापासून 'तेलंगणाचा सुपुत्र' ही ओळखही जोरात होती. त्याच वर्षी सोनिया आणि राहुल गांधी यांनीही तेलंगणा काँग्रेसला राव यांचा गौरव करणारी पत्रं पाठवली. सोळा वर्षांनी.

तारखा जुळवून बघा. २२ जानेवारीला अयोध्येत प्राणप्रतिष्ठा, आणि अठरा दिवसांनी ज्याच्या कारकिर्दीत मशीद पडली त्या पंतप्रधानाला भारतरत्न. राव यांच्या बाजूने बोलणाऱ्यांना हा योगायोग अडचणीचा वाटतो. वाटायलाच हवा. पण सन्मान कोणी, कधी आणि का दिला यावरून माणसाची योग्यता ठरत नाही. तसं असतं तर २००४ ते २०१४ मधल्या काँग्रेस सरकारने तो दिला नाही यावरूनही काही ठरलं असतं.

मग मनमोहन सिंगांचंही असंच पुनर्मूल्यांकन होईल?

ते सुरू झालंय. ३ जानेवारी २०१४ च्या पत्रकार परिषदेत ते म्हणाले होते की आजच्या माध्यमांपेक्षा, आणि संसदेतल्या विरोधकांपेक्षाही, इतिहास माझ्याशी अधिक ममतेने वागेल. तेव्हा लोक हसले होते. पुढे पंतप्रधानांच्या पत्रकार परिषदाच दिसेनाशा झाल्या, तेव्हा त्याच परिषदेची चित्रफीत लोक हळहळून एकमेकांना पाठवू लागले. त्यात माणूस बदलला नाही, शेजारी बदलला. राव यांच्या बाबतीत मनमोहन सिंगांनी जे नकळत केलं तेच त्यांच्यानंतरच्याने त्यांच्यासाठी केलं.

यातला धोकाही लक्षात ठेवा. २०१४ च्या आधीचा टू-जी आणि कोळसा खाणींवरचा संताप खरा होता, महागाई खरी होती. नंतरच्याचा राग आला म्हणून आधीच्याला धुऊन काढायचं, हे मूल्यमापन नव्हे.

राव यांना मराठी खरंच येत होतं?

उत्तम. उस्मानिया विद्यापीठात वंदे मातरम् गाणाऱ्या विद्यार्थ्यांना काढून टाकलं गेलं, त्यांत ते होते. मग पुणे-नागपूर. फर्ग्युसनमध्ये शिकले, कायदा नागपुरात केला. ह. ना. आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो'चं तेलुगू भाषांतर त्यांनी केलंय. केशवपन, बालविवाह, माजघरातली कुजबुज हे सगळं हरिभाऊंच्या मराठीतून तेलुगूत न्यायचं म्हणजे कामचलाऊ मराठीवर भागत नाही.

१९८४ मध्ये ते दोन ठिकाणी उभे होते. आपल्या हनमकोंड्यात भाजपच्या उमेदवाराकडून हरले. त्या वर्षी भाजपला देशभरात मिळालेल्या दोन जागांपैकी ती एक. दुसरीकडे, रामटेकला, निवडून आले आणि १९८९ मध्ये पुन्हा आले. गावाने नाकारलेल्या माणसाला विदर्भाने दिल्लीत ठेवलं. या हिशेबाने १९९१ मध्ये आपलाही थोडा वाटा लागतो, पण विदर्भातलं कुणी तो मागताना दिसत नाही. 'बाहेरचा उमेदवार' एवढीच त्यांची आठवण तिथे बऱ्याच जणांकडे आहे.

काँग्रेस मुख्यालयाचं फाटक बंद ठेवल्याची गोष्ट खरी आहे?

खरी आहे. राव २३ डिसेंबर २००४ ला दिल्लीत एम्समध्ये वारले. मनमोहन सिंग पंतप्रधान होऊन सात महिने झाले होते. दुसऱ्या दिवशी पार्थिव विमानतळाकडे नेताना तोफगाडा २४, अकबर रोडच्या बाहेर थांबला. माजी अध्यक्षाचं पार्थिव थोडा वेळ आत ठेवायचं, असा रिवाज. फाटक उघडलं नाही. लोक बाहेर रस्त्यावरच आले, गाडा थोडा वेळ थांबला आणि पुढे निघाला. अंत्यसंस्कार हैदराबादला हुसेनसागराकाठी झाले. त्याला पंतप्रधान मनमोहन सिंग गेले होते. दिल्लीत राव यांचं स्मारक व्हायला २०१५ उजाडलं.

मनमोहन सिंग गेले २६ डिसेंबर २०२४ ला. दिल्लीत स्मारकासाठी वेगळी जागा द्या म्हणून काँग्रेसने केंद्राला पत्र लिहिलं, त्यावरून दोन दिवस वाद रंगला, आणि भाजपवाल्यांनी लगेच २००४ ची आठवण काढली. २८ तारखेला सकाळी, निगमबोध घाटावर नेण्याआधी, पार्थिव दर्शनासाठी २४, अकबर रोडला आणलं. या वेळी फाटक उघडं होतं.